आज किती फूट?

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती फूट झालं? कशाचं, ते सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. इथल्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. कोयनेतून किती सोडलं, वारणा कुठवर आली, अलमट्टीतून पाणी पुढे जातंय का, याचा हिशोब मांडत माणसं रात्र जागून काढतात. आमचे बाबा निवृत्त शिक्षक. पावसाळाभर रोज सकाळी पुलावर जाऊन आकडा बघून येतात आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवतात. मला कळायला लागल्यापासून हे चालू आहे.

मला लिहायचंय ते ॲनिमेविषयी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका-चित्रपटांविषयी, त्यांत मनाचा आजार कसा चितारला जातो त्याविषयी. पण माझ्यापुरतं ते सगळं या पुलापाशीच येऊन मिळतं, म्हणून सुरुवात इथून. भावाला विचारून लिहितेय. त्यानं एकच अट घातली, नाव नको.

तो २०१८च्या जूनमध्ये पुण्याहून परत आला. तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या खोलीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला होता. दोनदा पूर्वपरीक्षा पास झाला, पुढे काही होईना. आल्यावर आठवडाभर झोपला. आम्हाला वाटलं, शीण आहे. मग दार लावून घ्यायला लागला. आई ताट दाराशी ठेवायची आणि तासाभरानं उचलायची, कधी अर्धं संपलेलं, कधी तसंच. या सगळ्यासाठी घरात शब्द होते, पण एकही त्याच्या बाजूचा नव्हता. ‘फार मनावर घेतलंय त्यानं.’ ‘आळस भिनलाय अंगात.’ मामा म्हणाला, बाहेरचं काही आहे का, बघून घ्या. एका काकूंनी ‘डोक्यावर परिणाम’ हे शब्द अगदी आवाज उतरवून उच्चारले, आणि त्या उतरलेल्या आवाजानंच आईला जास्त लागलं. बाबा काहीच बोलले नाहीत. त्या वर्षात ते त्याच्याशी ‘जेवलास का’ याच्या पलीकडे क्वचितच काही बोलले असतील.

सप्टेंबरात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी त्याला अंथरुणातून उठायचं बळ दिलं, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचंय. पण ‘डिप्रेशन’ हा शब्द घरात आला आणि चिठ्ठीवरच्या औषधाच्या नावासारखाच राहिला. वाचता येत होता. त्याच्या आत काय चाललंय ते आम्हाला त्यातून दिसत नव्हतं, आणि त्यालाही त्या शब्दाला धरून काही सांगता येत नव्हतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा एका रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसले. काही विचारायचं नाही, असं ठरवूनच. अर्ध्या तासानं त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ ही चिका उमिनो यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, शाफ्ट स्टुडिओनं केलेली मालिका. २०१६ ते २०१८ या काळात जपानच्या एनएचके वाहिनीवर ४४ भागांत दाखवली गेली. तिचा नायक रेई किरियामा, १७ वर्षांचा, शोगीचा व्यावसायिक खेळाडू. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आईवडील आणि धाकटी बहीण अपघातात गेली, वडिलांच्या मित्रानं घरी नेलं, तिथेही तो उपराच ठरला, आणि आता टोकियोत नदीकाठच्या इमारतीत एकटा राहतो. खोलीत सामान म्हणावं असं काही नाही. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘शून्य’. त्या घरातली मानलेली बहीण पहिल्याच भागात त्यावरून त्याला टोचते: घर नाही, कुटुंब नाही, शाळा नाही, मित्र नाहीत, नाव शोभतं तुला.

आणि मग पाणी. मालिकाभर ते परत परत येतं. रेई रस्त्यानं चाललेला असतो, पटासमोर बसलेला असतो, नुसता पडलेला असतो, आणि चौकटीत पाणी चढतं. रंग निघून जातात. तो पाण्याखाली असतो, वरून उजेड झिरपत असतो, आवाज गुदमरल्यासारखे दुरून येत असतात. कधी लाटा कोसळतात, कधी नुसतंच खोल आणि शांत असतं. मला जास्त भीती त्या शांत पाण्याची वाटली.

भाऊ एवढंच म्हणाला, ‘असं.’

पाच महिन्यांत त्यानं स्वतःविषयी मला सांगितलेली ती पहिली गोष्ट होती.

हे चित्रांतूनच का जमलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माणसांच्या सिनेमात खोलीत पाणी शिरलं तर आपल्याला कळतं की हा आभास आहे, कारण खोली खरी आहे, नट खरा आहे. ॲनिमेत खोलीही काढलेली आणि पाणीही काढलेलं. दोन्हींचं खरेपण सारखंच. आजारी माणसाचं दुखणं नेमकं इथे असतं. तो सांगतो, मी बुडतोय. आपण म्हणतो, तुला तसं वाटतंय. त्याच्यासाठी समोरची खुर्ची जितकी खरी, तितकंच ते पाणी खरं असतं. चितारलेल्या जगात ‘वाटणं’ आणि ‘असणं’ यांच्यामधली रेघच पुसली जाते, आणि बघणारा क्षणभर तरी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

खरं तर आपल्या भाषेतही पाणी होतंच. नाकातोंडात पाणी जाणं, पाणी डोक्यावरून जाणं, बुडत्याला काडीचा आधार. पण हे शब्द आम्ही कर्जाच्या हप्त्यांसाठी आणि ऑफिसातल्या मार्चअखेरसाठी वापरून इतके गुळगुळीत करून टाकले होते, की एखाद्याच्या नाकातोंडात खरोखरच पाणी गेलं तेव्हा आमच्या हाताशी काही उरलं नव्हतं. ते परत धारदार व्हायला टोकियोची नदी यावी लागली.

पुण्याला परतल्यावर एका रात्री फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आज किती फूट?’ तो बराच वेळ गप्प. मला वाटलं, चुकलंच माझं. मग म्हणाला, ‘एकेचाळीस.’

काय करायचं ते मला लगेच कळलं. इशारा ओलांडलाय, धोका नाही. म्हणजे फोन ठेवायचा नाही, पण घाबरायचंही नाही. पुढे आमचं ठरूनच गेलं. तिशीच्या आत असेल तर कुठलीही चेष्टा चालेल. चाळिशीच्या पुढे उपदेश नाही, प्रश्न नाहीत, नुसतं फोनवर राहायचं. पंचेचाळीस म्हणजे मी मिळेल त्या एसटीनं निघायचं आणि आईनं डॉक्टरांना फोन करायचा. दोनदा निघाले. त्यातल्या एका वेळी स्वारगेटला गाडीत बसल्या बसल्या त्याचा मेसेज आला, ‘त्रेचाळीस. तरी ये.’

त्यानंतर त्यानं मला बरंच काही दाखवलं. त्यातला ‘अ सायलेंट व्हॉइस’ सगळ्यात जवळचा. नाओको यामादा यांचा, क्योटो ॲनिमेशनचा २०१६चा चित्रपट. शोया इशिदा हा मुलगा लहानपणी वर्गातल्या एका कर्णबधिर मुलीला छळतो. मग वर्ग उलटतो आणि तोच एकटा पडतो. हायस्कूलमध्ये तो कुणाच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही. हे दिग्दर्शिका कसं दाखवते? प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक मोठी निळी फुली. कॅमेरा सारखा खाली, पायांवर, कारण तो स्वतः मान खाली घालून चालतो. एखाद्याशी मैत्री झाली की त्याच्या चेहऱ्यावरची फुली चिकटपट्टीसारखी सुटून गळून पडते.

‘फुली मारणं’ आपल्याकडेही आहे. माणूस संपला आपल्यासाठी, असा त्याचा अर्थ. त्यामुळे मी पहिल्यांदा बघताना गोंधळले, मला वाटलं हा मुलगा जगावर रागावलाय. भावानं समजावलं. ‘त्यानं मारलेली नाहीये ती. त्याला तसंच दिसतं. तू आलीस तेव्हा मला तुझा चेहरा दिसत नव्हता. म्हणजे दिसत होता, पण वाचता येत नव्हता.’ त्या दिवाळीत मी त्याच्यासमोर अर्धा तास बसले होते, चेहरा शक्य तितका मायाळू ठेवून. तो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

या चित्रपटाचं संगीत केन्सुके उशिओ यांचं. त्यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रण केलं, त्यामुळे सुरांबरोबर आतल्या लाकडाची, पट्ट्या हलल्याची खुसखुसही ऐकू येते. हेडफोन लावून ऐकलं की आपण एखाद्या छातीच्या पिंजऱ्यात बसलोय असं वाटतं. शेवटी शाळेच्या उत्सवात शोया मान वर करतो आणि सगळ्या फुल्या एकदम गळतात. मी दोन्ही वेळा रडले. तरी मनात आलं, आमच्या घरी असं झालं नाही. आमच्याकडे आधी आईच्या चेहऱ्यावरची पडली, मग माझ्या, आणि आईची परत चिकटली. अर्थात चित्रपटालाही हे ठाऊक आहे. मध्यंतरी पुलावर शोया एकेका मित्राला तोडून बोलतो आणि पडलेल्या फुल्या पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. मला शेवटापेक्षा तो पूल खरा वाटतो.

दिग्दर्शक सातोशी कोन यांची २००४ची ‘पॅरानोया एजंट’ बघताना भाऊ मध्येच उठून गेला होता. तेरा भागांची मालिका. चाकांचे बूट घातलेला, वाकडी सोनेरी बॅट घेतलेला एक मुलगा शहरात माणसांवर हल्ले करतो. पहिली बळी एक चित्रकार मुलगी. तिनं काढलेलं गुलाबी कुत्र्याचं पात्र देशभर गाजलंय आणि आता पुढचं काहीतरी तसंच गाजणारं दे म्हणून सगळे तिच्या मानगुटीवर बसलेत. हळूहळू लक्षात येतं की बॅटवाला अशांनाच गाठतो ज्यांना पुढे वाट उरलेली नाही, आणि मार बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो. दवाखान्यात पडलेल्या माणसाला कुणी कामाचं विचारत नाही. परत येऊन बसल्यावर भाऊ म्हणाला, ‘ताई, मुख्य परीक्षेच्या आधी मला रोज वाटायचं, पाय मोडावा. प्लास्टर दिसतं ना सगळ्यांना.’

यावर मला काहीच बोलता आलं नाही.

‘इव्हँगेलियन’ मी धड पूर्ण केली नाही. ती अंगावर येते. १९९५-९६ची ती मालिका दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी स्वतःच्या नैराश्याच्या काळातून उठून केली, आणि चार वर्षं आपण काहीच करू शकलो नव्हतो हे त्यांनी तेव्हाच उघड लिहिलं होतं. तिच्यातलं एक चित्र मात्र मी जपून ठेवलंय. एका भागाला साळिंदरांच्या कोंडीचं नाव आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअरचा तो जुना दृष्टान्त: थंडीत साळिंदरं उबेसाठी जवळ येतात, काटे टोचतात, लांब होतात, गारठतात, परत जवळ येतात. आमची आई आणि भाऊ, अगदी हेच. आणि शेवटच्या दोन भागांत मालिकेतलं महायुद्ध बाजूला राहतं, तिचा नायक पोरगा अंधाऱ्या जागेत घडीच्या खुर्चीवर बसून स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं देत राहतो. त्या वेळी प्रेक्षक फार चिडले होते म्हणतात. भावाच्या खोलीत बसून आलेल्या माणसाला ती खुर्ची ओळखीची वाटेल.

याच्या उलट, दुखण्याला अक्राळविक्राळ राक्षस करून शेवटच्या भागात तलवारीनं कापणाऱ्या मालिकाही पुष्कळ आहेत. त्यांच्यावर माझा खरा राग आहे. राक्षस कापता येतो म्हटलं, की ज्याला तो कापता आला नाही तो भित्रा ठरतो. माझ्या भावानं दात घासायला जाण्यासाठी जेवढी हिंमत लावलेली मी पाहिलीय, तेवढी तलवार चालवायलाही लागत नसेल.

जपानमध्ये साधारण २००० सालाच्या सुमारास, नव्या गोळ्या बाजारात आल्या तेव्हा, डिप्रेशनला ‘मनाची सर्दी’ म्हणायची पद्धत पडली. औषध कंपन्यांच्या प्रचारातून ती घरोघरी गेली. हेतू वाईट नव्हता असं म्हणता येईल. सर्दी कुणालाही होते, तिची लाज वाटत नाही, लोक डॉक्टरकडे जायला लागले. तो काळही कठीण होता, १९९८पासून सलग १४ वर्षं तिथे दरवर्षी ३० हजारांहून जास्त आत्महत्या झाल्या. पण सर्दी आठवड्यात आपोआप जाते. ‘होतं असं, जाईल’ म्हणणारे नातेवाईक आम्ही दोन वर्षं ऐकले, त्यांना ही उपमा फार आवडली असती. त्यापेक्षा मला तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं एक काम मोठं वाटतं. स्किझोफ्रेनियाचं जुनं जपानी नाव ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचं होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ साली ते बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘जुळणी बिघडणं’ असा आहे. दुभंगलेलं मन सांधणार कोण? बिघडलेली जुळणी निदान परत लावून बघता येते. मराठीत आपण अजून ‘छिन्नमनस्कता’ छापतो. छिन्न! ज्या आईच्या हातात तो कागद पडत असेल तिचं काय होत असेल?

मनाच्या सर्दीवरून आठवलं. रेईला एकदा खरीखुरी सर्दी होते. वर्षअखेरीला तापानं फणफणून तो त्या रिकाम्या खोलीत एकटा पडून राहतो, कुणाला कळवत नाही. नदीपलीकडे राहणाऱ्या तीन बहिणी, अकारी, हिनाता आणि चिमुरडी मोमो, येऊन थडकतात आणि त्याला उचलूनच आपल्या घरी नेतात. त्या घरात मांजरं आहेत, शेगडीवर काहीतरी शिजतंय, आजोबांचं मिठाईचं दुकान आहे. मालिका या स्वयंपाकावर जेवढा वेळ घालवते तेवढा शोगीच्या डावांवरही घालवत नाही, असं कधी कधी वाटतं. आईला मी तेवढाच भाग दाखवला. ती म्हणाली, ‘ताट आत नेऊन द्यायला पाहिजे होतं मी.’ दुसऱ्या दिवसापासून ती ताट घेऊन आत जाऊन बसायला लागली. बोलायची नाही. शेंगा सोलायची, लसूण सोलायची.

२०१९चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात, तळमजला बुडाला. आम्ही विश्रामबागेत आत्याकडे होतो. त्या आठ-दहा दिवसांत भाऊ आम्हा सगळ्यांत धडधाकट होता. त्यानं आजीचा पलंग वर चढवला, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधली, निवाऱ्याच्या शाळेत रात्रभर पोळ्यांची पाकिटं वाटली. मी विचारलं, तुझं किती? म्हणाला, ‘कळत नाही. सगळेच पाण्यात आहेत ना आत्ता.’ त्याच्या आवाजात जवळजवळ आनंद होता आणि मला त्याचा अजिबात राग आला नाही. वर्षभर तो एकटा भिजत होता, शहर कोरडं होतं. पूर ओसरला, घरोघरी चिखल उपसणं सुरू झालं, लोक आपापल्या कामाला लागले, आणि त्याचं पाणी पुन्हा चढायला लागलं. सप्टेंबरात ४४. त्या दिवसांत आई त्याला बाबांबरोबर पुलावर जाऊ द्यायची नाही. कारण कुणी उच्चारलं नाही.

रेईची नदी आटत नाही. म्हणूनच ही मालिका मी इतरांहून वर ठेवते. दुसऱ्या पर्वात मधली बहीण हिना शाळेत छळ सोसतेय, कारण छळल्या जाणाऱ्या मैत्रिणीची तिनं बाजू घेतली. नदीकाठी ती हमसून हमसून रडते आणि तरीही म्हणते की मी चुकीचं वागले नाही. रेई ते ऐकतो. लहानपणी त्याच्या बाजूनं असं कुणी बोललेलं नसतं, आणि इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच मुलीच्या तोंडून, ते त्याच्यापर्यंत पोचतं. तो तिचा हात धरतो. शेजारून तीच नदी वाहत असते जिच्यात तो इतके भाग बुडत होता. पुढच्या भागांत तो परतही बुडतो. फक्त आता त्याला पूल ओलांडून जायचं घर माहीत असतं.

भाऊ आता एका संस्थेत शिकवतो, आठवड्यातले चार दिवस. गोळ्या चालू आहेत, डोस कमी झालाय.

यंदा संक्रांतीला घरी गेले तेव्हा आईनं फळीवर अंथरायला गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून दिलं. पानं सुटी करताना बाबांचे आकडे दिसले. जूनपासून सुरू, जुलैत गर्दी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नदीचे आकडे थांबले. पण प्रत्येक चौकटीत खालच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता, बारीक, त्याच अक्षरात. तो थांबला नव्हता. नोव्हेंबरभर होता, डिसेंबरभर होता. २२. २६. २४. ३१. आमच्या फुटांविषयी मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. भावाला विचारलं. ‘विचारतात रोज रात्री,’ तो म्हणाला. ‘दारातूनच. आकडा ऐकतात आणि जातात.’

१४ डिसेंबरला ४४ होते. पेन्सिल इतकी दाबलेली की आकडा पानाच्या मागे उमटला होता. त्या रात्री फोनवर त्यानं मला ३६ सांगितले होते. १५ तारखेच्या चौकटीत ४१.